वाचनाचा टॅब आणि वडील माणसें

आपल्याकडे विद्या ही बालपणाची गोष्ट मानण्याची चाल फार जुनी आहे. पाटीपूजा व्हावयाची ती लहानपणीं, बाराखडी घोकावयाची ती लहानपणीं, आणि छडी खावयाची तीहि लहानपणींच. मनुष्य एकदां संसारास लागला कीं त्याचा आणि अक्षरांचा संबंध सहीपुरता उरतो. आणि ज्याच्या नशिबीं लहानपणीं शाळा आलीच नाहीं, त्याची गाडी सुटली ती कायमची सुटली, असें आपण सर्व जण कोणी न बोलतां धरून चालतों. या समजुतीचें एक अगदीं नवें रूप अलीकडे आमच्या पाहण्यांत आलें. त्याविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावे, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनांत आणिलें आहे.

कामथडी हें गांव पुणें-सातारा हमरस्त्यालगत आहे. एका अंगास नसरापूर, दुसऱ्या अंगास कापूरहोळ. रस्त्यावर रात्रंदिवस मोटारींची रीघ, आणि रस्ता सोडून चार पावलें आंत गेलें कीं शेतें व गुरांचे गोठे. या गांवाहून आमच्या शाळेंत येणाऱ्या एका मुलीची आई गेल्या पालकसभेस आली होती. या बाईंस लहानपणीं शाळा मिळाली नव्हती. प्रौढांसाठीं सरकारनें सुरू केलेल्या साक्षरतेच्या कार्यक्रमांत त्या आपल्या मुलीच्याच मदतीनें अक्षरें शिकल्या, आणि 17 मार्च 2024 रोजीं जी परीक्षा झाली तींत बसून उत्तीर्णहि झाल्या. सभा आटोपल्यावर त्यांनीं पिशवींतून फडक्यांत गुंडाळलेला एक टॅब काढून आमच्या मेजावर ठेविला. त्यांच्या परदेशीं असलेल्या धाकट्या भावानें तो पाठविला होता. भाची वाचील आणि ताईहि वाचील, असा त्याचा निरोप होता. बाई म्हणाल्या, "सर, पोरीच्या कप्प्यात समदं हाय. गोष्टी हायेत, चित्रं हायेत, गाणी हायेत. माझ्या कप्प्यात निस्ती दुकानं हायेत. मोठ्या माणसानं वाचायचं न्हाई, निस्तं इकत घ्यायचं, असं हाय का वो ह्यात?"

या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून आम्हीं तो टॅब आठवडाभर मागून घेतला आणि रोज रात्रीं जेवणानंतर घटकाभर चाळून पाहिला. तो टॅब मुख्यतः वाचनासाठीं म्हणून विकला जाणाऱ्या जातींतला होता. तो उघडला कीं दोन कप्पे दिसतात, एक मुलांचा व एक मोठ्यांचा. मुलांच्या कप्प्यांत खरोखरच दिवाळी आहे. अक्षरओळख, चित्रांच्या गोष्टी, प्राण्यांचीं चित्रें, कोडीं, गणिताचे खेळ. शिवाय मुलानें किती वेळ वाचावें व केव्हां झोपावें याचा बंदोबस्त आईबापांस करतां येतो. त्यांतील बहुतेक भाग इंग्रजींत आहे ही उणीव खरी, तथापि कोणीतरी लेंकराचा विचार करून हें ताट वाढिलें आहे हें स्पष्ट दिसतें. मोठ्यांच्या कप्प्यांत आम्हांस काय दिसलें? खरेदीचें दुकान, सिनेमाचें दुकान, गाण्यांचें दुकान, पुस्तकांचें दुकान, आणि पत्त्यांचे डाव. बाईंनीं आपल्या मोबाईलवर पाहिलेलें मराठी वर्तमानपत्राचें ॲप तेथें शोधून मिळालें नाहीं. शेतीचें सरकारी ॲप मिळालें नाहीं. पावसाचा अंदाज होता, परंतु तो इंग्रजींत. बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें ठरलें.

असें कां व्हावें, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. टॅब किंवा मोबाईल हें नुसतें कपाट होय. त्यांत ठेवावयाच्या वस्तू म्हणजे हीं ॲप. आपल्या नेहमींच्या मोबाईलमध्यें बहुधा अँड्रॉइड नांवाची व्यवस्था असते व तिच्या ॲपचें मोठें दुकान गूगलचें आहे. परंतु वाचनाचे टॅब करणाऱ्या कांहीं कंपन्या तीच व्यवस्था आपल्या सोयीप्रमाणें बदलून घेतात आणि गूगलच्या दुकानाऐवजीं स्वतःचें वेगळें दुकान मांडतात. कपाट स्वस्तांत द्यावयाचें आणि त्यांत भरावयाच्या मालावर नफा मिळवावयाचा, असा त्यांचा हिशेब असतो. आतां ज्यानें एखादें ॲप तयार केलें त्यास तें या दुसऱ्या दुकानांत पुन्हां निराळें नेऊन द्यावें लागतें. नकाशा दाखविणें, ओळख पटविणें, सूचना पाठविणें अशा कित्येक कामांसाठीं तें ॲप गूगलच्या सोयींवर विसंबून असेल, तर त्याची डागडुजीहि करावी लागते. मोठमोठ्या खेळांचे व सिनेमांचे व्यापारी हें करतात, कारण त्यांस जगभर गिऱ्हाईक आहे. एखादें मराठी वर्तमानपत्र किंवा एखादें सरकारी खातें हें कशास करील? मुलांचा कप्पा मात्र कंपनी स्वतः भरते, कारण त्यासाठीं आईबाप दरमहा पैसे मोजतात. लेंकरासाठीं पैसे मोजणारा आहे. लेंकराच्या अडाणी आईसाठीं मोजणारा कोणी नाहीं. सारें गौडबंगाल एवढेंच.

या बाबतींत आमच्या एका सोबत्यानें एक आक्षेप घेतला, तो येथें मांडणें न्यायाचें होईल. तो म्हणाला, "ॲप थोडीं आहेत हाच त्या टॅबचा गुण नव्हे काय? मोबाईल हा भर बाजार आहे. तेथें वाचावयास बसलें कीं दर मिनिटास कोणी तरी हांक मारतो. वाचनाच्या टॅबवर गर्दी नाहीं, म्हणूनच तेथें वाचन होतें." या म्हणण्यांत तथ्य आहे. किंडल नांवाचें वाचनयंत्र 2007 सालीं अमेरिकेंत निघालें, तेव्हांपासून त्याची ख्याति याच गुणावर झाली. त्या यंत्राच्या पडद्यास स्वतःचा झगझगाट नसतो, तो कागदासारखा निवांत दिसतो. पान पालटतें तेवढ्यापुरतीच त्यास वीज लागते. आणि पुस्तकावांचून त्यांत दुसरें विशेष कांहीं नसतें. आम्ही स्वतः रात्रीं वाचतांना मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवतों, तेव्हां या गुणाची थोरवी आम्हांस ठाऊक आहे.

परंतु उपास आणि उपासमार या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्याच्या घरीं कणगी भरलेली आहे त्यानें एकादशीस ताट दूर सारिलें तर तो संयम. ज्याच्या घरीं चूलच पेटली नाहीं त्यास आपण संयमी म्हणूं लागलों तर ती थट्टा होईल. ज्याच्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे, ज्यास पांच वर्तमानपत्रांतून एक निवडतां येतें, त्यानें थोड्या ॲपांचा टॅब हौसेनें घ्यावा. त्याचें हित आहे. कामथडीच्या त्या बाईंनीं कांहींच टाकिलेलें नाहीं. त्यांच्यापुढें निवडावयास कांहीं नव्हतेंच. त्यांच्या टॅबवरची शांतता ही वाचनालयाची शांतता नव्हे, ती ओसाड घराची शांतता आहे. हा भेद न ओळखतां केलेला उपदेश पोट भरलेल्यानें भुकेल्यास केलेल्या उपदेशासारखा होतो.

आणि एका टॅबला दोष देऊन आपलें काम भागत नाहीं. त्या दोन कप्प्यांत जें दिसतें तेंच थोड्याफार फरकानें आपल्या मराठींतहि दिसतें. मुलांसाठीं पाहा. बालभारतीचें "किशोर" मासिक 1971 सालीं निघालें. त्याचे जुने अंक आज कोणासहि घरबसल्या विनामूल्य वाचतां येतात. प्रथम बुक्स या संस्थेनें 2015 सालीं "स्टोरीवीव्हर" नांवाचें गोष्टींचें भांडार खुलें केलें, त्यांत मराठी गोष्टी आहेत आणि त्या वाचकाच्या पायरीप्रमाणें लावलेल्या आहेत. "दीक्षा" नांवाच्या सरकारी ॲपवर 2017 पासून पाठ्यपुस्तकांस जोडलेले धडे मिळतात. हें सर्व उत्तम आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याचा भरपूर उपयोग करावा असें आम्ही वर्गांतहि सांगतों.

शिकलेल्या प्रौढासाठींहि हळूहळू कांहीं झालें आहे. किंडलवर मराठी पुस्तकें अधिकृतपणें मिळूं लागलीं तीं 2016 सालच्या डिसेंबरांत. त्याच वेळीं हिंदी, गुजराती, तमिळ व मल्याळम या भाषांसहि तें दार उघडलें. खंबाटकीचा घाट ओलांडून थोडें आंत वळलें कीं जें वाई गांव लागतें, तेथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम उभें राहिलें. त्याचा पहिला खंड 1976 सालीं प्रसिद्ध झाला, आणि आज तो कोश इंटरनेटवर मोफत वाचतां येतो. ज्यास लांब वाक्य पेलतें त्यास वाचावयास आहे.

परंतु जी स्त्री काल अक्षरें शिकली तिचें काय? एका बाजूस "ससा आणि कासव", दुसऱ्या बाजूस विश्वकोश. मधली पायरीच गळालेली. चाळीस वर्षांची बाई, जिनें दोन बाळंतपणें केलीं, सासूसासऱ्यांचें दुखणें काढलें, बचत गटाचे पैसे सांभाळले, तिच्या हातीं सशाची गोष्ट द्यावी हा तिच्या वयाचा उपमर्द आहे. आणि तिच्या हातीं अग्रलेख द्यावा तर दुसऱ्याच ओळीवर तिचा धीर सुटतो. पवित्र शास्त्रांत प्रेषितानें बालकांस दूध व प्रौढांस जड अन्न असा भेद केला आहे. पण ज्याचें वय प्रौढ आणि ज्याचें वाचन तान्हें, त्याच्यासाठीं तिसऱ्याच प्रकारचें अन्न रांधावें लागतें. अर्थ मोठ्या माणसाचा, वाक्यें मात्र लहान. विषय तिच्या संसारांतला, अक्षर मोठें. असें लेखन सोपें वाटतें, पण तें लिहिणें फार अवघड आहे.

त्यांत आणखी एक अडचण आहे, ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. मराठींत जें फुकट वाचावयास मिळतें त्यांतील पुष्कळसें छापील पानाच्या छायाचित्राच्या रूपांत असतें. अशा पानावरील अक्षर मोठें करूं गेलें कीं सारें पानच मोठें होतें, ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ती गांठण्यासाठीं बोटानें पान इकडून तिकडे ओढावें लागतें. सरावलेला वाचक तें ओढील. अक्षरें जुळवीत वाचणारी बाई ओळच हरवून बसते. देवनागरी अक्षरांस संगणकांत जगभर एकच संकेत असावा ही सोय युनिकोडनें 1991 सालींच केली. तरी पुढें कित्येक वर्षें आपले छापखाने आपापल्या निराळ्या संकेतांत अक्षरें जुळवीत राहिले, व त्यामुळें तो मजकूर टॅबवर सुटा होऊन वाहत नाहीं. ज्या मजकुराचीं अक्षरें हवीं तेवढीं मोठीं करतां येतात व ओळी आपोआप जुळतात, तोच चाळिशी लागलेल्या डोळ्यांच्या कामाचा. तेव्हां नुसतीं पुस्तकें "चढविलीं" म्हणून भागत नाहीं. तीं कोणत्या रूपांत चढविलीं हें पाहिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, या बाईंस वाचावयाचें तरी काय आहे? आम्हीं त्यांस तेंच विचारलें. त्यांनीं क्षणभरहि विचार न करतां बोटें मोजून सांगितलें. हरिपाठ मोठ्या अक्षरांत. बचत गटाच्या वहींत लिहिलेलें स्वतःचें स्वतः पडताळणें. सातबाऱ्यावर आपलें नांव आहे कीं नाहीं तें पाहणें. आणि पिकाची नोंद. ही शेवटची गोष्ट आमच्या शहरवासी वाचकांस ठाऊक नसेल. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रभर "ई-पीक पाहणी" सुरू झाली. तिच्यायोगें शेतकऱ्यानें स्वतः रानांत उभें राहून मोबाईलवर पिकाचें नांव, क्षेत्र व छायाचित्र भरावयाचें असतें. ही नोंद पुढें सातबाऱ्यावर येते. विमा, कर्ज, नुकसानभरपाई यांच्या कामीं ती लागते. म्हणजे ज्या वाचनास आपण आजवर शोभेची वस्तु समजत होतों, तें आतां नांगरासारखें औतांत जमा झालें आहे. स्वतः वाचतां येत नसेल तर शेजाऱ्याच्या मुलास बोलवावें लागतें, त्यानें काय भरलें तें मुकाट्यानें मानावें लागतें. परावलंबन हें असें बारीक पावलानें घरांत शिरतें.

हा विचार आमच्या भूमीस नवा नाहीं. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनीं मुलींच्या शाळांवर समाधान मानलें नाहीं. 1855 सालीं त्यांनीं पुण्यांत दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं रात्रीची शाळा काढली. मोठ्या माणसाची वेळ रात्रीची असते, एवढें साधें सत्य त्यांस उमगलें होतें. दुसरें उदाहरण आमच्या मनास विशेष जवळचें आहे. याच पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं मुक्तिसदन चालविलें. बायबलाचें मराठी भाषांतर त्यांच्यापूर्वींच झालें होतें. तथापि आपल्या आश्रमांतील साध्यासुध्या बायकांस तें समजत नाहीं असें त्यांस दिसलें, आणि त्यांनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक मुळांवरून सोप्या मराठींत नवें भाषांतर करण्यास हात घातला. तें काम अनेक वर्षें चाललें. अक्षरांचे खिळे जुळविण्याचें काम आश्रमांतील बायकाच करीत. 5 एप्रिल 1922 रोजीं रमाबाई निवर्तल्या, आणि 1924 सालीं त्यांचें संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालें. एवढ्या मोठ्या विदुषीनें आपली संस्कृत विद्वत्ता बाजूस ठेवून आयुष्याचीं शेवटचीं वर्षें "सोपें कसें लिहावें" यांत घालविलीं, याचा अर्थ आपण नीट ध्यानीं घेतला पाहिजे. त्यांनीं ग्रंथ कपाटांत भरून ठेविला नाहीं. वाचणारी कोण आहे हें पाहून तो नव्यानें लिहिला. टॅबचा मोठ्यांचा कप्पा भरावयाचा तो याच रीतीनें भरला पाहिजे.

अगदीं अलीकडचेंहि एक उदाहरण आहे. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील फांगणे येथें 8 मार्च 2016 रोजीं आजीबाईंची शाळा भरली. योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकारानें ती निघाली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी लुगडीं नेसून, खांद्यास दप्तर लावून, पाटी घेऊन बसूं लागल्या. त्या शाळेचीं छायाचित्रें देशोदेशीं गेलीं आणि लोकांनीं कौतुक केलें. आम्हांस त्यांत कौतुकापेक्षां लाजच अधिक वाटते. कारण सत्तर वर्षें ज्या स्त्रीनें पाटीची वाट पाहिली तिची वाट कोणी अडविली होती, हा प्रश्न त्या चित्रांतून आपणांकडे पाहत असतो.

ही संख्या कांहीं थोडी नाहीं. 2011 च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील सात वर्षांवरील स्त्रियांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा 75.87 आढळलें, म्हणजे दर चौघींत जवळजवळ एक निरक्षर. ज्या कार्यक्रमांतून कामथडीच्या बाई शिकल्या तो "उल्लास", म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 2027 या काळासाठीं 1,037.90 कोटी रुपये खर्चाचा म्हणून मंजूर झाला. पंधरा वर्षांवरील कोणासहि त्यांत शिकतां येतें, व शिकविणारे स्वयंसेवक असतात. परीक्षा 150 गुणांची. वाचन, लेखन व अंकज्ञान यांस प्रत्येकीं 50. इतकें सारें चांगलें झालें. पण परीक्षा उत्तीर्ण झालेल्या बाईच्या हातीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाचावयास काय द्यावयाचें? विळा वापरला नाहीं तर गंजतो, तसें नव्यानें आलेलें अक्षर सहा महिन्यांत गंजतें. बाई आम्हांस म्हणाल्या, "परीक्षेच्या येळेला भराभरा वाचत हुते. आता जोडाक्षर आलं की आडतंय." प्रमाणपत्र त्यांच्या घरीं चौकटींत घालून भिंतीवर लावलेलें आहे, अक्षर मात्र दिवसेंदिवस मागें सरतें आहे. या लेखाचें सारें निमित्त त्या एका वाक्यांत आहे.

तेव्हां करावें काय? कंपन्यांस व सरकारास आमचें सांगणें थोडक्यांत असें. ज्या ॲपवांचून शेतकऱ्याचें काम अडतें तें केवळ एकाच दुकानांत न ठेवतां सर्व प्रकारच्या टॅबवर चालेल असें करावें. नवसाक्षरांसाठीं नॅशनल बुक ट्रस्टसारख्या संस्थांनीं जीं छोटीं पुस्तकें काढलीं, तसल्या पुस्तकांचा एक मराठी कप्पा मोठ्या अक्षरांत, आणि मोठ्यानें वाचून दाखविण्याच्या सोयीसह, सर्वांस मोफत खुला करावा. मुलांच्या गोष्टींस जशा पायऱ्या लावल्या तशा प्रौढांच्या वाचनासहि लावाव्या. हें सर्व होण्याजोगें आहे; मुलांसाठीं झालें तें मोठ्यांसाठीं होऊं नये असें त्यांत कांहीं नाहीं.

परंतु आमचें मासिक कंपन्यांच्या कचेऱ्यांत जात नाहीं. तें तुमच्या घरीं जातें. म्हणून मुख्य बोलणें तुमच्याशींच आहे.

आईबापांस आमची विनंती अशी कीं, टॅब मुलाच्या हातीं देऊन आपण स्वयंपाकघरांत किंवा ओट्यावर निघून जाऊं नये. "हें पोरांचें आहे, आम्हांस काय कळतें?" हें वाक्य घरांतून काढून टाकावें. तुम्ही वाचतांना मुलानें तुम्हांस पाहिलें, तर तें शंभर उपदेशांहून अधिक शिकतें. आणि अडखळत वाचण्याची लाज मुळींच धरूं नये. अडखळणारा चालत असतो, बसलेला अडखळत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे आमचें मागणें मोठें आहे. येत्या सुटींत तुम्हांपैकीं प्रत्येकानें आपल्या घरांतील किंवा आळींतील एका वडील माणसाजवळ रोज पाव घटका बसावें. तुम्हीं त्यांस वाचून दाखवूं नये. त्यांनीं वाचावें, आणि अडेल तेथें तुम्हीं हळूच शब्द पुरवावा. हंसूं नये, घाई करूं नये, आणि "एवढेंहि येत नाहीं?" असें तर चुकूनहि म्हणूं नये, ज्या आईनें तुमचे बोबडे बोल पुन्हां पुन्हां ऐकून घेतले तिचें तेवढें ऋण तुमच्यावर आहे. त्याखेरीज आजीआजोबांच्या तोंडून त्यांच्या आयुष्यांतील एक हकीकत ऐकावी: भाटघर धरणाच्या पाण्याची, दुष्काळाची, पहिल्या एस. टी.ची, लग्नाच्या वऱ्हाडाची, कसलीहि. ती त्यांच्याच शब्दांत, लहान वाक्यांत, एका पानांत मोठ्या अक्षरांनीं लिहून आणावी. अशा पानांची एक वाचनिका शाळेंत तयार करण्याचा आमचा मानस आहे. ती सुट्या अक्षरांत उतरविली म्हणजे कामथडीच्या त्या टॅबवरहि वाचतां येईल. त्यासाठीं कोणत्याहि दुकानाची परवानगी लागणार नाहीं. मोठ्यांच्या रिकाम्या कप्प्यांत पहिलें पुस्तक आमच्या मुलांनीं लिहिलेलें पडावें, यापरतें दुसरें भूषण शाळेस कोणतें?

प्रेषितांच्या कृत्यांत एका कूशी अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तो मोठा कारभारी, राणीच्या खजिन्याचा रक्षक. यरुशलेमेहून परत जातांना तो रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्यानें वाचीत होता. ग्रंथ त्याच्या हातीं होता, अक्षरहि त्यास येत होतें. तरी अर्थाचें दार उघडेना. फिलिप्प धांवत रथापाशीं गेला आणि त्यानें त्यास विचारलें कीं, वाचतां तें समजतें का? कोणी समजावून सांगितल्यावांचून कसें समजावें, असें म्हणून त्या मोठ्या माणसानें संकोच न धरतां फिलिप्पास आपल्या शेजारीं बसवून घेतलें. कामथडीच्या त्या घरीं टॅब आहे, वाचण्याची इच्छा आहे, अक्षरहि अजून पुरतें गंजलेलें नाहीं. टॅब परत देतांना आम्हीं त्यांत हरिपाठ मोठ्या सुट्या अक्षरांत घालून दिला, आणि त्यांच्या मुलीस बाजूस बोलावून एवढेंच सांगितलें कीं, रोज संध्याकाळीं दिवा लागला म्हणजे आईच्या शेजारीं जाऊन बस.